पलंगाखाली रोज पडणारं पीठ

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, लाकडातून पीठ पडतंय, काय करू. म्हणून पॉलिशचे आणि वेताच्या खुर्च्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, यावेळी फक्त किडा. बहुतेक पत्रं आपल्या बडोद्यातलीच आहेत आणि जवळपास सगळ्यांनी "उधई लागली", म्हणजे वाळवी लागली, असंच लिहिलंय, पण वर्णन वाचल्यावर कळतं की निम्म्या घरांत ती वाळवी नाहीच.

प्रश्न: ताई, सासूबाईंचा सागवानी पलंग आहे, साठ वर्षांचा तरी असेल. महिनाभर झाला खाली पांढरं पीठ पडतंय, अगदी टाल्कम पावडरसारखं, रोज झाडलं तरी परत असतंच. पायाला बारीक भोकं पण आहेत. शेजारी म्हणतात उधई आहे, पूर्ण घराला लागेल, आजच बाहेर काढा. मुलगा म्हणतो भंगारात देऊ. मला द्यायचा नाहीये. दोन वर्षांपूर्वी खालच्या पट्ट्या तुटल्या म्हणून नव्या टाकल्या होत्या, तेवढंच काय ते काम झालंय. (दांडिया बाजार)

काकू, पलंग देऊ नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका.

पहिलं म्हणजे ही वाळवी नाही. वाळवीला माती लागते, ती भिंतीवरून, जोत्यावरून मातीच्या नळ्या करत येते आणि लाकूड आतून खाऊन तिथे माती भरते, बाहेर असं पीठ सांडत नाही. वाळवीची एक जात कोरड्या लाकडातच राहते, ती माती आणत नाही, पण तिच्या भोकातून पडतात ते खसखशीसारखे कडक दाणे, बोटात चोळले तर टोचतात. तुमचं पीठ मैद्यासारखं मऊ आहे म्हणजे हे काम लाकूड पोखरणाऱ्या छोट्या भुंग्याचं. तांबूस तपकिरी, चपटा, ३ ते ६ मिलिमीटरचा किडा असतो, रात्री उडतो, दिव्याकडे येतो, त्यामुळे सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले सापडले तर तोच समजा.

आता हा किडा कसा जगतो ते नीट सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, त्यातून पांढरी अळी निघते आणि ती आतल्या आत काही महिने, कधी वर्षभर, कधी त्याहून जास्त लाकूड खात बसते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मोठी होऊन भुंगा झाला की तो भोक पाडून बाहेर पडतो आणि तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळतं. म्हणजे तुम्हाला जे भोक दिसतंय ते किडा आत शिरल्याचं नाही, किडा निघून गेल्याचं आहे. लोक त्या भोकावर तासभर स्प्रे मारत बसतात आणि खाणाऱ्या अळ्या तिथून वीतभर लांब असतात.

दुसरी गोष्ट, या अळीला लाकडातला स्टार्च लागतो. झाडाच्या बाहेरच्या बाजूचं जे फिकट, पांढरं लाकूड असतं, मिस्त्री लोक ज्याला कच्चं लाकूड म्हणतात, त्यात तो भरपूर असतो. आतल्या गडद गाभ्यात नसतो. म्हणून सागवानाला किडा लागत नाही हे अर्धंच खरं आहे, सागाच्या गाभ्याला लागत नाही, पांढऱ्या भागाला अगदी आरामात लागतो. आणि वर्षं जातात तसा लाकडातला स्टार्चही कमी होत जातो, त्यामुळे साठ वर्षांच्या सागाला हा बारीक पीठवाला किडा आत्ता नव्याने लागणं जरा अवघडच.

म्हणून माझा संशय सासूबाईंच्या पलंगावर नाही, त्या दोन वर्षांपूर्वीच्या पट्ट्यांवर आहे. पट्ट्या दिसत नाहीत म्हणून मिस्त्री तिथे आंबा, सेमल, रबरवुड नाहीतर सागाचा पांढरा भाग, जे असेल ते टाकतो. पायाची भोकं बहुतेक पन्नास वर्षांपूर्वीची असतील आणि पीठ वरून पडत असेल.

खात्री अशी करा. गादी काढा, सगळं पीठ व्हॅक्युमने किंवा ब्रशने साफ करा, पायावरच्या प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलने गोल करा, खाली काळा चार्टपेपर पसरा, त्यावर तारीख टाका आणि तीन आठवडे पलंग हलवू नका. हलवला तर जुन्या बोगद्यातलंही पीठ पडतं आणि आपण उगाच घाबरतो. तीन आठवड्यांनी बघा, पिठाची छोटी ढिगी नेमकी कशाखाली आहे आणि गोल न केलेलं एखादं नवं भोक दिसतं का. ताज्या भोकाची कड स्वच्छ आणि आतून लाकडाचा फिकट रंग दिसतो, जुन्या भोकात धूळ बसून ते काळपट झालेलं असतं.

पट्ट्याच निघाल्या तर त्या काढून जाळून टाका, माळ्यावर "कधीतरी कामाला येतील" म्हणून ठेवू नका प्लीज, तिथून मग बाकीच्या लाकडात जातो. नव्या पट्ट्या घेताना पांढरी कड असलेली एकही घेऊ नका. माझ्या स्वतःच्या घरी हे झालंय म्हणून इतकं कळवळून सांगते. नवीन दिवाण करून घेतला, बाहेरून सुंदर, आठ महिन्यांनी आतल्या खणातून पीठ. करून देणाऱ्याने सांगितलं तुमच्या घरातच किडा असेल. पण आतून बिनपॉलिशचा, पांढऱ्या लाकडाचा जोड होता आणि अळ्या लाकडासोबतच आल्या होत्या, नवीन फर्निचरमधून पहिल्या एक-दोन वर्षांत पीठ आलं तर बहुतेक वेळा असंच असतं. हिवाळ्याच्या कपड्यांवर ते पीठ बघून आईला रडू आलं होतं, त्यात तिची पैठणी होती. किडा पैठणी खात नाही, पण बाहेर पडताना मध्ये येईल त्यातून भोक पाडून जातो.

आणि पायातच ताजी भोकं सापडली तर? तर लाकडाच्या किडीसाठी तेलात बनवलेलं औषध मिळतं ते सुई लावलेल्या सिरिंजने एकेका भोकात सोडायचं, ग्लोव्हज आणि मास्क घालून, खिडक्या उघड्या ठेवून, घरात लहान बाळ असेल तर दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरी पाठवून. जिथे पॉलिश नाही तिथे, म्हणजे खालची बाजू, मागची बाजू, जोडाच्या आत, ब्रशने लावायचं, पॉलिशवरून लावून काही आत जात नाही. नंतर भोकं मेणाने बुजवा, म्हणजे पुढच्या वर्षी नवं भोक पडलं तर लगेच कळेल. रॉकेल किंवा डिझेल ओतू नका. जिथे लागेल तिथला किडा मरतो, आतला तसाच राहतो, पॉलिश जातं आणि झोपायच्या जागेला आग लागायची भीती वेगळी.

प्रश्न: आम्ही बारा महिन्यांचे गहू भरतो, यंदा एरंडेल लावायचं राहिलं आणि सोंडे झाले. कोठीशेजारीच लाकडी कपाट आहे, त्यात जातील का? मिस्टर म्हणतात गव्हात ठेवतात त्या सेल्फॉसच्या गोळ्या दोन कपाटात पण टाकू, दोन्हीकडचं निपटेल. (कारेलीबाग)

ताई, आधी गोळ्यांचं. टाकू नका. घरात आणल्या असतील तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता मिस्टरांना सांगा.

त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन नावाचा गॅस सुटतो, तो बंद दाराखालून, फटीतून, भिंतीपलीकडच्या खोलीतसुद्धा जातो आणि त्यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. झोपेत अख्खी कुटुंबं गेलीयेत या गोळ्यांनी. गोदामात शिकलेली माणसं, सील करून, मोजून वापरतात, ती घरातली वस्तूच नाही, ना कपाटासाठी ना गव्हासाठी. आणल्या असतील तर पाण्यात टाकू नका, कचऱ्यात नको, डबी उघडू पण नका, ज्याच्याकडून आणल्या त्याला किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करून विचारा. डबी उघडली गेली असेल आणि कुणाला मळमळ, छातीत दडपण, चक्कर असं वाटत असेल तर सगळे बाहेर या आणि सरळ हॉस्पिटल.

आता सोंड्यांचं. सोंड असलेला किडा फक्त धान्यातला, त्याला कपाटात खायला काही नाही. गंमत म्हणजे गव्हात अजून एक बारीक, नळीसारखा, डोकं खाली दाबलेला किडा होतो, तो मात्र लाकूड पोखरणाऱ्यांच्याच खानदानातला आहे, कोठीच्या लाकडी फळीत कधी भोकही पाडतो, पण त्याचा संसार धान्यातच. तेव्हा गहू चाळा, कोठी रिकामी करून कोपरे व्हॅक्युम करा, गहू कडक वाळवा, आणि यंदा उशीर झाला तरी एरंडेल लावाच, आपल्या आज्या ते उगाच करत नव्हत्या. कपाटाला काही करायची गरज नाही.

प्रश्न: गुढीची काठी आम्ही दरवर्षी तीच वापरतो, कपाटामागे उभी असते. या पाडव्याला काढली तर सगळीकडे टाचणीएवढी भोकं आणि हातात घेतल्यावर मधूनच मोडली. सासरे म्हणाले अपशकुन. मला फार वाईट वाटलं. (मांजलपूर)

अपशकुन नाही हो, बांबूचा भुंगा आहे, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. बांबूत स्टार्च खूप, आणि किडीपासून वाचवणारा गडद गाभाच नाही, त्यामुळे लाकडाआधी तो बांबू खातो. काठी कधी तोडलेली आहे यावरही आहे, जुनी माणसं पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला बांबू घ्यायची कारण तेव्हा त्यात स्टार्च कमी असतो, आणि तोडल्यावर कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची म्हणजे उरलेला स्टार्चही धुवून जातो. आता बाजारात पाडव्याच्या आदल्या दिवशी जो मिळतो तो कुणी केव्हा तोडला देव जाणे.

नवीन काठी आणाल तेव्हा एवढं करा. बांबूच्या बाहेरच्या सालीतून किडा सहसा शिरत नाही, तो शिरतो कापलेल्या टोकांतून, पेरांवरून फांद्या छाटलेल्या जागेतून आणि जिथे साल खरवडली गेलीये तिथून. म्हणून औषधही तिथेच लागतं. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर, तीच जी कॅरमवर टाकतो, पूर्ण विरघळवा, आणि दोन्ही टोकं बादलीत आळीपाळीने दोन-दोन दिवस उभी बुडवून ठेवा. पेरांवर ब्रशने दोन-तीनदा लावा. सावलीत पूर्ण वाळली की टोकांना व्हार्निश. हे पाणी पोटात गेलं तर विषारी आहे, मुलं आणि कुत्रा लांब ठेवा, आणि ती बादली परत स्वयंपाकात नको. पावसात ठेवली तर बोरिक धुऊन जातं, घरात ठेवलीत तर टिकतं. गुढी उतरवल्यावर काठी कपाटामागे अंधारात न ठेवता जिथे नजर पडेल अशी ठेवा.

हेच पाणी बिनपॉलिशच्या लाकडालाही चालतं, मिस्त्री फळ्या कापून जोडायच्या आधी लावून घेतले तर उत्तम. पोळपाट, लाटणं, पाट याला लावू नका.

प्रश्न: मग लाटण्याला भोकं पडली तर काय करायचं? आईचं आहे. (फोनवर आलेला प्रश्न)

प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर ओल धरते. छोटी लाकडी मूर्ती, खेळणी, देव्हाऱ्याचा कळस, सगळ्याला हाच उपाय, केमिकल काही नाही.

प्रश्न: संखेड्याचा हिंडोळा घ्यायचाय, लाखेचं काम असलेल्या लाकडाला किडा लागतो का? आणि असलेल्या जुन्या हिंडोळ्याला मे महिन्यात गच्चीवर ऊन दिलं तर किडे मरतील का? (अलकापुरी)

संखेड्याचं काम खरं तर सागाचं, खरादावर फिरवत लाखेची कांडी दाबून रंग चढवतात, वर केवड्याच्या पानाने घासून चमक आणतात. लाखेचा थर अखंड असेल तर मादीला अंडी घालायला उघडं छिद्रच मिळत नाही, म्हणजे हे नुसतं नक्षीकाम नाही, ते संरक्षणही आहे. फक्त आधीच आत असलेली अळी लाख फोडून बाहेर येऊ शकते. म्हणून घेताना उलटा करून बघा, जिथे लाख नाही तिथे, खुंटी बसते त्या भोकात, सांध्यात, बैठकीच्या खाली. पांढरी पट्टी दिसली तर दुसरा दाखवा म्हणा, लाजू नका.

ऊन मात्र नको. किडे मरायला लाकडाच्या मध्यापर्यंत ५५-६० अंश पोचावे लागतात आणि काही वेळ टिकावेही लागतात, परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांना नियमच आहे, गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं. आपल्याकडे मे मध्ये ४३ अंश होतं, वरचा पृष्ठभाग तापतो, मधली अळी तशीच राहते, आणि लाख मऊ पडून तुमचा हिंडोळा खराब होतो, सांधे तडकतात ते वेगळं.

प्रश्न: रावपुऱ्यात आमचा जुना वाडा आहे, आजोबांच्या आधीचा. वरच्या माडीच्या तुळईतून भुसा पडतो, पिठापेक्षा जाडा, आणि रात्री शांतता असली की कुरकुर ऐकू येते. भाऊ म्हणतो फॉल्स सीलिंग करून टाकू म्हणजे भुसा पडणार नाही.

दादा, भावाला थांबवा. सीलिंग केलं तर भुसा दिसायचा बंद होईल, तुळई खाल्ली जायची बंद होणार नाही, आणि मग जेव्हा कळेल तेव्हा वर कुणीतरी झोपलेलं असेल.

जाडा भुसा आणि कुरकुर म्हणजे हा पहिल्या काकूंचा छोटा किडा नाही, मोठ्या लांब मिशांच्या भुंग्याची अळी असू शकते. ती करंगळीएवढी होते, वर्षानुवर्षं आत राहते, जुनं कोरडं लाकूडही खाते, आणि चावल्याचा आवाज खरंच येतो. तिचं बाहेर पडायचं भोक मोठं, पेन्सिल जाईल असं, बरेचदा लांबट. शिडी लावून बघा. एक पेचकस घ्या आणि तुळईच्या कडेला, भिंतीत जिथे तिचं टोक गेलंय तिथे आणि मध्ये, टोचून बघा. वाड्यांच्या तुळया बहुतेक सागाच्या, पण चौकोन करताना कोपऱ्यावर पांढरा भाग राहतो, अनेकदा फक्त तो कोपरा भुसभुशीत झालेला असतो आणि आत इंच-दोन इंचावर पेचकस टणकन थांबतो. तसं असेल तर तुळई चांगली आहे, खराब भाग तासून काढायचा, औषध लावायचं, झालं. पेचकस मुठीपर्यंत आत गेला तर मात्र त्या खोलीत राहणं आजपासून बंद, खाली टेकू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा, नुसत्या मिस्त्रीच्या शब्दावर राहू नका. भिंतीतलं टोक मी मुद्दाम सांगतेय, तिथे पावसाची ओल असते, आणि ओल असली की किडा, बुरशी आणि खरी वाळवी तिघंही येतात. आधी कौलं आणि पन्हाळ दुरुस्त करा.

एक विनंती. दुरुस्त होणारी तुळई काढून लोखंडी गर्डर टाकायची घाई करू नका. तसा साग आता मिळत नाही, गेल्या दहा वर्षांत माझ्या डोळ्यासमोर आपल्या भागातले कितीतरी वाडे असेच उतरवले गेले.

प्रश्न: गॅलरीतल्या झोपाळ्याच्या दांडीला बोटभर गोल भोक, आत काळाकुट्ट मोठा भुंगा गुणगुणत जातो. हाच का तो? (गोत्री)

नाही. ती काळी सुतारमाशी, तिलाही आपण भुंगाच म्हणतो म्हणून घोटाळा होतो. ती लाकूड खात नाही, घर करते, आणि तुमच्या परसातल्या फुलांना फळं धरायला तिचीच मदत होते. मारू नका. पिल्लं उडून गेली की भोक लाकडी खुंटीने बुजवा आणि दांडीला ऑइलपेंट लावा, रंगवलेल्या लाकडावर ती सहसा येत नाही.

प्रश्न: २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात किचनमध्ये कमरेएवढं पाणी होतं. प्लाय वॉटरप्रूफ म्हणून ठेवला, बदलला नाही. आता एका शटरच्या आतून पीठ पडतंय. पुराच्या पाण्यातून किडा आला का? (समा)

पाण्यातून नाही आला. तो बहुतेक प्लायच्या आतल्या थरातच होता किंवा पुरानंतर कडेची पट्टी सुटली तिथून शिरला. वॉटरप्रूफ म्हणजे चिकटवलेला गोंद पाण्याने सुटत नाही, एवढंच, किडा गोंद खात नाही, मधलं लाकूड खातो. प्लायमध्ये सिरिंज मारून उपयोग होत नाही, थर आडवे-उभे असतात, औषध पसरतच नाही. ते एक शटर बदला, बाकीच्यांवर काळ्या कागदाची टेस्ट करा. नवीन घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा, त्यात आतल्या थरांना औषध दिलेलं असणं अपेक्षित आहे, आणि किडा न लागण्याची गॅरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. कापलेल्या प्रत्येक कडेला, बिजागरीच्या खाचेतसुद्धा, पट्टी किंवा रंग लावल्याशिवाय मिस्त्रीला पैसे देऊ नका. सिंकखालचं खोकं अजून ओलसर असेल तर त्याची मागची फळी काढून भिंत उघडी करा, महिनाभर वारं लागू द्या आणि मगच परत बसवा.